खांद्यापर्यंत

धारवाडच्या कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी बसलेला माणूस उजवा हात सारखा मांडीखाली दाबत होता. तो कमरीपेठेतला रंगारी. सायकलवरून कामाला जाताना त्याला कारनं उडवलं होतं; तेव्हापासून उजवा हात वर जात नव्हता. आज भरपाईची सुनावणी होती.

"अक्का, सकाळी हात खांद्यापर्यंत गेला," तो हळूच म्हणाला. "बायको आनंदानं रडली, मी मात्र घाबरलो. वकील म्हणतात, न्यायाधीशांपुढं तो उचलूच नका."

पुकारा झाला. मीही आत जाऊन मागे उभी राहिले.

"हात किती वर जातो?" न्यायाधीशांनी विचारलं.

त्यानं वकिलाकडे पाहिलं, मग दात आवळून हात खांद्यापर्यंत नेला. त्याच्या वर तो गेलाच नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "लपवला असता, तर कुणी पाहील म्हणून ब्रश धरायचीही भीती वाटली असती." जरा थांबून त्यानं विचारलं, "आता कमी देतील का हो?"