अक्काच्या नावानं सांगितलेलं ‘नको’

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवळात उभी राहिले आणि हे मनात आलं, की मी घाईघाईनं अंगारा लावून बाहेर पडते. मग तुम्हालाच का? — तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं जीभ रेटत नाही. आणि खरं सांगू, कुठून सुरू करावं तेही कळत नाही मला. चूक एकच आहे, पण तिचं टोक काही केल्या हाताला लागत नाही.

गोष्टींपासून सुरू करते. मी प्रेमकथा लिहिते. हसू नका. कर्नाटकातल्या आळंदला मराठी शाळेत शिकवते, आणि उरलेल्या वेळात मोबाइलवरच्या एका ॲपवर टोपणनावानं लिहिते. माझ्या नायिका पन्नाशीच्या असतात, नायक साठीला टेकलेले. त्याचे गुडघे धरतात, तिला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही. मला वाटलं होतं, कोण वाचणार असलं? पण बायका अक्षरशः तुटून पडल्या. लिहितात — ताई, पोरापोरींची प्रेमं वाचून कंटाळा आला, हे कसं खरं वाटतं. आणि का वाटतं, ते मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. साठीचा माणूस एखादीला ‘गोळी घेतली का’ विचारतो ना, तेव्हा त्यानं एकदा कुणालातरी स्मशानात पोचवलेलं असतं. विशीतल्या पोराला ते विचारायचं सुचतच नाही. माझी नायिका हो म्हणायला चाळीस भाग लावते आणि चाळीस भाग लोक जीव मुठीत धरून बसतात.

तुम्हाला वाटेल, केवढ्या मोठ्या मनाची बाई. मलाही तसंच वाटायचं.

आता अक्का. अक्का माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. माहेर आमचं हळ्ळीखेडचं. तिथं ती कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकली, त्यामुळं कन्नड भराभर वाचते, मराठी वाचताना मात्र अडखळते. तिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला. मूलबाळ नाही. माझ्या बाळंतपणाला म्हणून महिन्यासाठी आली ती राहिलीच. त्या बाळंतपणातली माझी लेक आता तेविशीची आहे. मी शाळेला निघेपर्यंत अक्काच्या भाकरी थापून झालेल्या असतात, परत येते तर ताट झाकलेलं. मी नायिकेच्या मनातली घालमेल लिहीत बसते तेव्हा चुलीवरची डाळ कोण बघतं? — अक्का. मला हे कधी दिसलंच नव्हतं. भिंत दिसते का आपल्याला रोज?

आमच्या गल्लीच्या तोंडाला मल्लप्पांची पिठाची गिरणी होती. वय एकोणसाठ-साठ. बायको वारलेली, एकुलता मुलगा पुण्याला. आमच्यातलेच, हुमनाबादकडचे. अक्का पिठाच्या बाबतीत भलती चिकित्सक — आधी कुणाचा हरभरा दळला असेल तर ज्वारीला त्याचा वास लागतो म्हणते. तर हे मल्लप्पा काय करायचे, रात्री जातं झाडून-पुसून ठेवायचे आणि सकाळी पहिला डबा अक्काचा. लायनीत पुढं कुणी का असेना. बायका चिडवायच्या. ते म्हणायचे, चुकून लागला हो. दर आठवड्याला चुकून?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होऊन दोन दिवस झाले होते. शेतात जेवायला नेलेल्या भज्जीतली, म्हणजे पालेभाज्या-शेंगांच्या मिश्र भाजीतली, वाटीभर अक्कानं गिरणीवर दिली होती, ती वाटी परत द्यायला मल्लप्पा आले. घरी नाही, शाळेत. मधली सुट्टी होती. वाटी रिकामी देऊ नये म्हणून तिच्यात गूळ घातला होता. मी म्हटलं, घरीच द्यायची की. तर लिंबाच्या झाडाखाली उभं राहून, इकडंतिकडं बघत, ते म्हणाले,

“टीचर, अक्काला एकडाव इचारून बघा. माझा पाट लावायचा इचार हाय. न्हाई म्हणल्या तर म्या पुन्हा तोंड उघडणार न्हाई.”

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात काही नवलाचं नव्हतं ते. आमची माणसं मेंढरांमागं फिरायची, बाई एकटी राहिली की चार जाणते बसायचे आणि पाट लावून द्यायचे. माझ्या आजीचा पाटाचाच संसार, आणि त्याच संसारात माझी आई जन्मली. म्हणजे पाट नसता तर मी कुठली? पण मग आम्ही शेती धरली, शिकलो, सुधारलो — आणि पाट हा शब्द उच्चारायची लाज वाटायला लागली.

विचारते, म्हणाले मी. चार दिवस गेले. विचारलं नाही.

कामून? हेच तर मला सांगता येत नाही. तेव्हा लेकीला उमरग्याचं स्थळ आलं होतं, मावशी पाट लावून घ्यायलीय हे त्यांच्या कानावर गेलं तर मोडेल, असं मी मनाशी म्हणत होते. पण ते स्थळ पुढं आपसूकच मोडलं, दुसरं ठरलं, लेक नांदायलाही गेली. तेव्हा कुठं बोलले मी? मग घरकामासाठी? एवढी मतलबी आहे मी? — असेन. की हेवा वाटला? नवरा चांगला आहे हो माझा, तुरीची आडत आहे, बोट ठेवायला जागा नाही. पण पंचवीस वर्षांत माझा डबा कुणी पहिला लावला नाही. हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं. खरं आहे, का गोष्टी लिहायच्या सवयीनं सुचलं, देव जाणे. तिन्ही कारणं खरी वाटतात आणि तिन्हींवर माझा विश्वास बसत नाही.

पाचव्या दिवशी गिरणीवर गेले आणि सांगितलं — अक्का नको म्हणाली.

मल्लप्पा “बरं” म्हणाले. कुणाचे तरी गहू पडत होते, त्याकडं बघत राहिले. मग हळूच विचारलं, त्यांना राग तर नाही ना आला? आता इथं तरी मी थांबायचं. ‘नाही हो, राग कसला’ म्हणून घरी यायचं. लबाडी झालीच होती, ती तेवढ्यावर भागली असती. पण मी म्हणाले, “आलाय. आता दळणसुद्धा तुमच्याकडं टाकणार नाही म्हणतीये.” कुणी मागितलं होतं हे? त्या माणसाचा चेहरा पडलेला बघून मला उलट चेव आला की काय — मला खरंच समजत नाही. माझ्या वतीनं त्यांची माफी मागा, म्हणाले ते. कपाळ पुसलं, आणि सगळं पीठ कपाळाला लागलं.

मग ती थाप खरी करणं आलं. घरी येऊन अक्काला सांगितलं, मल्लप्पाच्या पिठात भेसळ व्हायलीय, आजपासून दळण बसस्टँडजवळच्या गिरणीत. “कामून गं? त्यांचं पीठ चांगलं यायलंय की,” अक्का म्हणाली. मी आवाज चढवला. तिनं दळणाचा डबा उचलला. घर माझं आहे ना — हे तिनं मला कधी विसरू दिलं नाही, म्हणजे स्वतः कधी विसरली नाही. दीड वर्ष ती डोक्यावर डबा घेऊन मल्लप्पांच्या दारावरून बसस्टँडपर्यंत गेली. तिला बघितलं की ते आत वळायचे. तिला वाटायचं, दळण तोडलं म्हणून माणूस नाराज आहे. त्यांना वाटायचं, बाईला आपलं तोंडही बघायचं नाही. आणि दोघांचं खरं काय ते ठाऊक असलेली एकटी मी, वर्गात पोरांना खरं बोलावं म्हणून सांगत होते.

पुढं मल्लप्पा गिरणी विकून पुण्याला मुलाकडं गेले. अक्काला शेजारणीकडून कळलं. “जाताना सांगितलं बी न्हाई,” एवढंच म्हणाली. दोन दिवस नीट जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय.

आणि मग मी त्यांची गोष्ट लिहिली. हो, लिहिली! गिरणीच्या जागी शिलाईचं दुकान केलं. नायक सगळ्यांची कामं बाजूला सारून पहिला ब्लाऊज नायिकेचा शिवतो — वाचकांनी तो शिंपी डोक्यावर घेतला. माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट तीच. हे प्रायश्चित्त होतं, की चोरी? एका बाईनं लिहून विचारलं, ताई, तुमच्या नायिकेला भाऊ-बहीण कुणीच कसं नाही? मी चरकले. मी तिला धाकटी बहीण दिलीच नव्हती. आपल्याला हे उतारवयाचे नायक-नायिका एवढे आवडतात, त्याचं हेही एक कारण नसेल ना? त्यांच्या हातच्या भाकरीवर आपण जगत नसतो. त्यांनी खुशाल प्रेम करावं, आपलं काही अडत नाही.

अक्काला मी दुपारी गोष्टी वाचून दाखवते. कुणी लिहिल्यात ते तिला माहीत नाही. या उन्हाळ्यात शेजारणीकडून ऐकून तिनंच म्हटलं, ती शिंप्याची वाच. ती सुपात डाळ निवडत होती, मी वाचत होते. शिंपी विचारतो तो भाग आला आणि तिचा हात थांबला.

“आन् ती काय म्हणली?”

“व्हय म्हणली,” मी सांगितलं.

 अक्का सुपाकडं बघतच म्हणाली, “मला कुणी इचारलं असतं, तर मीबी व्हय म्हणले असते.”

आम्ही दोघीच होतो घरात. मी तोंड उघडलं — सांगायलाच उघडलं होतं, असं मला अजून वाटतं. आणि मी हसले. “आता या वयात, अक्का?” असं म्हणाले. मी.

तीही हसली. चोरी पकडल्यासारखा पदर तोंडाला लावला. “न्हाई गं, आपलं उगंच,” म्हणाली आणि पुन्हा डाळ निवडायला लागली.

मी पुढचा भाग वाचून दाखवला. मल्लप्पांचा नंबर गल्लीत दोघांकडं आहे, मागितला तर लगेच देतील. मी मागितलेला नाही.