सुनीता नावाची बाई इथे राहत नाही

“सुनीता? अशी कोनी बाई नाही बा इथं,” शेजारची म्हातारी सुपातली तूर पाखडता पाखडता म्हणाली. मी फॉर्मवर ‘नाही’च्या चौकोनात टिक केली. जानेफळातलं हे तिसरं घर. तिन्ही घरी हेच उत्तर.

मी मेहकरच्या कोर्टात वकिली करतो आणि जोडीला पडताळणीची कामं घेतो. इथला माणूस नोकरीला परदेशात जातो, मग बायकोला बोलावतो. तिथल्या सरकारला वाटतं, व्हिसासाठी खोटं लग्न दाखवलं असेल. वकिलात मुंबईच्या एजन्सीला सांगते, एजन्सी मला, आणि मी गावात जाऊन शेजाऱ्यांना विचारतो. घरच्यांना आधी कळवायचं नाही. प्रश्न छापील असतात, ते तसेच विचारायचे.

ही फाइल संदीपची होती. युरोपातल्या एका वृद्धाश्रमात तो नर्सिंगचं काम करतो. बायको सुनीता, मुलगी तीन वर्षांची; तिने बाप फक्त मोबाइलवर पाहिलेला. कुटुंब आणायचं तर आधी दोन खोल्यांचं घर दाखवावं लागतं, असा तिथला कायदा. त्याने ते भाड्याने घेतलं होतं आणि त्यात एकटाच राहत होता.

“मग संदीपची बायको कोण?” मी म्हातारीला विचारलं.

“राधिका. हे काय, समोरच राह्यते.”

मला हसू आलं. आपल्याकडे लग्नात सासरचे नाव बदलतात. कागदांवर मात्र शाळेतलंच नाव राहतं आणि पासपोर्टही त्याच नावाचा निघतो. गल्लीने सुनीता हे नाव कधी ऐकलंच नव्हतं.

समोरच्या घरी गेलो. राधिकाने पिशवीतून सगळं काढून दाखवलं. पत्रिका, फोटो, विवाह नोंदणीचा दाखला, सगळं चोख होतं.

“झालं ना काम, साहेब?”

“झालंच समजा,” मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

एजन्सीच्या मॅनेजरला फोन लावला.

“दोन नावं? मग बायका किती?”

“एकच. इकडे लग्नात नाव बदलतात.”

“ते रिमार्क्समध्ये लिहा. शेजाऱ्यांनी फाइलमधल्या नावाने ओळखलं का? यस की नो?”

“नो, पण...”

“मग नो.”

टिक तशीच ठेवली. खोटं काहीच नव्हतं. रिमार्क्समध्ये अर्धं पान भरून नाव बदलण्याची रीत समजावली, दाखल्याची प्रत जोडली. आपण कधी खोटी टिक करत नाही, याचा मला तेव्हा फार तोरा होता.

दोन महिन्यांनी व्हिसा नामंजूर झाला. कारण एका ओळीचं: शेजारी पत्नीला ओळखत नाहीत. माझं अर्धं पान कोणी वाचलंही नसेल.

ती मुलीला कडेवर घेऊन कोर्टात आली.

“सुनीता माह्या बापानं ठेवलं, राधिका सासरच्यायनं. दोन्ही टाइमाले मले कोनी इचारलं नाही. आन् आता मलेच म्हनता, तू खोटी?”

मला लाज वाटली. प्रतिज्ञापत्र केलं, रीतसर अपील पाठवलं, तिच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. निकालाला सव्वा वर्ष लागलं. नावाचा मुद्दा सुटला. पण एकट्याला ते घर परवडेना, म्हणून संदीपने तोवर ते सोडलं होतं. घर नाही, म्हणून अर्ज पुन्हा नामंजूर.

त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता.

“साहेब, इथं माहं नाव कोनाच्या तोंडी बसत नाही. सगळे सँडी म्हनतात. छातीवरच्या बिल्ल्यावरबी तेच लावलं यायनं. त्याच्यावर काऊन कोनी ऑब्जेक्शन नाही घेतलं?”



आता मी गावात गेलो की आधी सासरचं नाव काढतो आणि त्याच नावाने शेजाऱ्यांना विचारतो. नियमात बसत नाही. कामं मात्र होतात.

घरी हे सगळं बायकोला सांगितलं. तिचंही नाव बदललेलं आहे. ताटातल्या तांदळावर अंगठीने मीच लिहिलं होतं, हौसेने.

“माही चौकशी आली तं?” तिने विचारलं.

आमच्या गल्लीतली घरं मी मनातल्या मनात पालथी घातली. तिचं कागदावरचं नाव सांगू शकेल असं एकही घर निघालं नाही.