ओळ पुसली तरी फाइली राहतील

स्टमाटिया जन्मली तेव्हा घरात आधीच तीन मुली होत्या. आमच्याकडे ग्रीसमध्ये अशा चौथीचं नाव स्टमाटिया ठेवतात. अर्थ सरळ आहे: आता थांब. देवाला दिलेली सूचनाच ती. देवाने ती ऐकली नाही, पाचवीही मुलगीच झाली. हे सगळं ती स्वतःच हसत सांगायची आणि वर म्हणायची, "मला जन्मापासून थांब थांब म्हणतायत रे, अनेस्ती. पण ते कानावर घ्यायची सवयच लागली नाही."

यानिनातल्या आमच्या कंपनीत ती आली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. आम्ही बाकीचे सगळे तिशीच्या अलीकडे-पलीकडे. मुलाखतीत आमचा मालक क्लिआंथिस याने तिला विचारलं, "या वयात प्रोग्रामिंग शिकावंसं का वाटलं तुम्हाला?"

ती म्हणाली, "या वयात केस का उगवावेसे वाटले, असं मी विचारलं का तुला?"

क्लिआंथिसच्या डोक्यावर तेव्हा नुकतीच इस्तंबूलहून लागवड होऊन आली होती. तो लाल झाला, मग हसला, आणि तिला नोकरी दिली. आमच्याकडे बाईमाणसाला मानाने किरिया म्हणतात. पुढची दहा वर्षं तो तिला 'किरिया स्टमाटिया, तुम्ही' म्हणत राहिला आणि ती त्याला 'अरे क्लिआंथी'.

आम्ही एक लायब्ररी बनवतो. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रामरांनी उचलून वापरावेत अशा तयार तुकड्यांची. क्लाउडमध्ये, म्हणजे लांबच्या मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, कुणाला जागा हवी असली की त्याने आमच्या भाषेत चार ओळी लिहायच्या: मला इतकी मोठी फाइल सिस्टम हवी, या नेटवर्कमध्ये हवी, रोज तिची प्रत निघावी. लायब्ररी त्या ओळी वाचते आणि ती जागा उभी करते. पुढची देखभाल ती लांबची कंपनी बघते. डिस्क बिघडली, बदलली, तुम्हाला कळतसुद्धा नाही.

यातला फाइल सिस्टमचा भाग स्टमाटियाचा. अशा फाइल सिस्टमच्या पाच जाती असतात. एक विंडोजवाल्यांसाठी, एक प्रचंड आकडेमोड करणाऱ्यांसाठी, आणखी काही. त्या सगळ्यांचा एक मूळ साचा तिने लिहिला, आणि जे पाचहीजणींना खरोखर लागू आहे तेवढंच त्यात ठेवलं. आम्ही कुणी म्हटलं, "हेही वर टाका ना, चार जातींना चालतंच की," तर ती विचारायची, "आणि पाचवीने काय करायचं? खोटं बोलायचं?" साचा आखूड राहिला. जी फाइल सिस्टम आधीपासून आहे, दुसऱ्या कुणी उभी केली आहे, तिचा फक्त पत्ता देऊन ती वापरायचीही सोय तिने केली. पण अशा परक्या फाइल सिस्टमचा आकार बदलणं, तिची प्रत बंद करणं, यातलं काहीच तिथे करता येत नसे. "आपण उभी केली नाही ना? मग हात लावायचा नाही," एवढंच तिचं स्पष्टीकरण.

आणि एक गोष्ट तिने सगळ्या लायब्ररीच्या उलट केली होती. बाकी भागांत असं होतं की तुम्ही ओळ खोडली की ती वस्तूही जाते. स्टमाटियाच्या भागात ओळ खोडली तरी फाइल सिस्टम जागच्या जागी राहायची. लायब्ररी तुम्हाला फक्त सांगायची की ही आता तुमच्या यादीत नाही, पण आहे.

का, ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. आमच्याकडे येण्याआधी ती अकरा वर्षं एका छोट्या कार्यालयात होती. यानिनाच्या सरोवराच्या पाण्याची पातळी, गढूळपणा, तापमान मोजायचं. होडीवाला थोमास आठवड्यातून तीनदा पाण्यात जायचा, ती त्याच्याकडचे आकडे संगणकात भरायची. मंदीत कार्यालय बंद झालं. सामानाची एक यादी निघाली. कुणीतरी ती यादी आटोपशीर करताना एक ओळ काढून टाकली, कारण त्या ओळीसमोर काहीच शेरा नव्हता. सामान नेणाऱ्यांनी यादीत असलेलं नेलं आणि यादीत नसलेलं भंगारात दिलं. दोन डिस्क गेल्या. अकरा वर्षांचं सरोवर गेलं.

"कुणी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली होती. "मुद्दाम केलं असतं तर निदान भांडायला कुणी सापडलं असतं."

भांडायला माणूस सापडला तो गेल्या वर्षी, सप्टेंबरात.

पिरेअस बंदरातली एक जहाज कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झाली होती. ते लोक रोज चाचणीसाठी डझनांनी फाइल सिस्टम उभ्या करत आणि संध्याकाळी ओळी खोडत. पण जागा मागे राहायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच नावाची नवी करायला गेलं की नाव आधीच घेतलेलं. त्यांनी तक्रार केली आणि क्लिआंथिसने फोनवरच शब्द देऊन टाकला की पुढच्या आवृत्तीत ओळ गेली की फाइल सिस्टमही जाईल, आपोआप.

सोमवारी सकाळी तो आमच्या टेबलांपाशी आला. स्टमाटिया घरून आणलेल्या, चीज घालून भाजलेल्या पोळीचे तुकडे करत होती.

"किरिया स्टमाटिया, छोटा बदल आहे. एक अक्षर इकडचं तिकडे."

त्याचं ऐकून झाल्यावर तिने सुरी पुसली. "नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. ग्रीकमध्येच बोलले ना मी?"

"सगळ्या लायब्ररीत एक नियम आणि तुमच्या भागात दुसरा. लोक गोंधळतात."

"गोंधळू देत. गोंधळलेला माणूस विचारायला येतो. ज्याच्या फाइली गेल्या तो काय विचारणार?"

"अहो, हजारांत एकाचं असं होईल."

"तो एक कोण ते मला माहीत आहे, क्लिआंथी. तो प्रोग्रामर नसतो. आपलं उदाहरण जसंच्या तसं उतरवून घेणारा कुणीतरी साधा माणूस असतो. नको ती ओळ म्हणून खोडतो, आणि त्याचं सगळं जातं. मी नाही लिहिणार."

क्लिआंथिस मान हलवत निघून गेला. दुपारी त्याने मला आत बोलावलं.

इथे माझी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती काही अभिमानाने सांगण्यासारखी नाही. त्याने म्हटलं, हा भाग आजपासून तुझ्याकडे, बदल तू लिही. मी लिहिला. खरंच छोटा होता, अर्ध्या तासाचं काम. स्टमाटिया समोरच्याच टेबलावर बसली होती. मी पडद्यामागे डोकं घालून बसलो.

"लिहितोयस?" तिने विचारलं.

"सांगितलंय मला, किरिया स्टमाटिया."

"हं. मग नीट लिही. चाचण्याही लिही. पुसायचंच तर स्वच्छ पूस." आणि पोळीचा एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी तो कागदात गुंडाळून खणात ठेवला.

आमची लायब्ररी उघडी आहे, कुणीही वाचावी अशी. मोठा बदल असला की तो दोन आठवडे सगळ्यांसमोर ठेवायचा, लोकांनी मतं द्यायची, असा कंपनीचाच नियम. माझा बदल तिथे लागला. तासाभरात त्याखाली पहिलं मत आलं, संपूर्ण नावानिशी: 'हा भाग मी लिहिला आहे. हा बदल मला मान्य नाही. यामुळे एक ओळ खोडणाऱ्याच्या सगळ्या फाइली नष्ट होतील आणि त्याला ते आधी कळणार नाही.' त्याखाली चार वाक्यांत सरोवराची हकिगत.

क्लिआंथिस धावत आला. "पुसा ते! गिऱ्हाइकं वाचतात!"

"वाचायलाच लिहिलंय."

"तुम्ही कंपनीत नोकरीला आहात."

"म्हणून तर नाव लिहिलं. पुसायचं तर तू पूस. तुझ्या हाताने."

त्याने पुसलं. तिने पुन्हा लिहिलं, शब्दही न बदलता. त्याने परत पुसलं. तिने परत लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली: 'हे मत दोनदा पुसलं गेलं आहे.' आता पुसणं त्याला अवघड झालं, कारण खाली लोक जमायला लागले होते. एकाने विचारलं, कोण पुसतंय? कोझानी गावच्या एका बाईने लिहिलं की ती जुन्या लग्नगीतांच्या ध्वनिफिती सांभाळते, प्रोग्रामिंगमधलं तिला काही कळत नाही, तुमचंच उदाहरण उतरवून तिने जागा केली आहे, तर तिने आता घाबरायचं का? त्या प्रश्नाला कुणी उत्तर देईना. बदल माझ्या नावावर होता. उत्तर मीच द्यायला हवं होतं.

शुक्रवारी स्टमाटियाला लेखी ताकीद मिळाली. वरिष्ठांची आज्ञा न पाळणे, कंपनीचं नाव खराब करणे. तळाशी सहीची जागा होती. तिने लिहिलं, 'वाचलं. पटलं नाही.' आणि सही केली. क्लिआंथिस म्हणाला, असं लिहिता येत नाही. ती म्हणाली, "आलं की."

मंगळवारी जहाज कंपनीशी पडद्यावर बैठक होती. तिला बोलावलं नव्हतं. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली. समोर त्यांची प्रमुख होती, आफ्रोदिती नावाची, घसा बसलेली आणि घाईत असलेली.

क्लिआंथिस काही बोलायच्या आत स्टमाटियाने विचारलं, "तुमच्या फाइल सिस्टम किती आहेत, बाई?"

"चाचणीच्या साठेक. खऱ्या चार."

"त्या चारांत काय आहे?"

"जहाजांचे नकाशे, दुरुस्तीच्या नोंदी. सगळंच."

"आणि लायब्ररीने त्या चार ओळखायच्या कशा?"

"नावावरून. चाचणीच्या नावात 'चाचणी' असतं."

"लायब्ररी नावं वाचत नाही. तिला चौसष्टही सारख्याच."

आफ्रोदितीने चष्मा काढला. "मग तुमचं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं, मीही ठरवू नये आणि यानेही ठरवू नये." तिने क्लिआंथिसकडे बोट केलं. "ज्याच्या फाइली त्याने लिहावं. 'ठेवा' नाहीतर 'पुसा'. एक शब्द. तो लिहिला नाही तर लायब्ररी पुढे जाणारच नाही."

"एवढंच? लिहू की आम्ही," आफ्रोदिती म्हणाली. "साठांना 'पुसा', चारांना 'ठेवा'. दहा मिनिटांचं काम आहे. हे आधी का नाही सुचवलं?"

पण क्लिआंथिस अडून बसला. बैठक संपल्यावर तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "जगभरात जो कुणी आपली लायब्ररी वापरतो, त्या प्रत्येकाचा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर आला की अडकेल! शिव्या घालतील लोक! तुला कळतंय का?" दहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'तू' निघालं.

"कळतंय. अडकू देत. अडकून एक शब्द लिहू देत. शिव्या मी खाईन."

"अनेस्ती, दोन आठवड्यांची वाट बघू नकोस, तुझा बदल आज आत घे," तो माझ्याकडे वळून म्हणाला.

मी खूप धीट माणूस नाही. बायको घरी आठव्या महिन्यात होती, नोकरी हवी होती. पण कोझानीच्या बाईचा प्रश्न सहा दिवस माझ्या नावाखाली तसाच पडून होता. मी म्हटलं, "मी तो मागे घेतो."

"काय?"

"माझा बदल. मी मागे घेतो. दुसरं कुणी लिहिणार असेल तर लिहू दे."

त्याने बाकीच्या टेबलांकडे पाहिलं. गार कॉफीच्या पेल्यात बर्फ हलवण्यापलीकडे कुणी काही केलं नाही. क्लिआंथिसने स्वतः सहा वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. तरी त्याने प्रयत्न केला हे सांगायला हवं. दोन दिवस दार लावून बसला. त्याच्या बदलात एकवीस चाचण्या नापास झाल्या. चाचण्या मीच लिहिलेल्या, तिने सांगितलं तशा, नीट. तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला आणि कुणाकडेच न बघता म्हणाला, "करा काय करायचं ते."

मार्चमध्ये 'ठेवा' की 'पुसा' विचारणारी नवी आवृत्ती गेली. शिव्या आल्या, त्याने सांगितल्याहून जास्त. ओस्लोच्या एका माणसाने लिहिलं की ज्याने कुणी हे केलं त्याला संगणकाजवळ फिरकू देऊ नये. स्टमाटियाने प्रत्येकाला स्वतः उत्तर दिलं: 'एक शब्द लिहा. कोणता ते तुम्ही ठरवा.' दोनशेहून जास्त पत्रं झाली. ताकीद तिच्या कागदपत्रांत तशीच राहिली, तो भागही तिला परत मिळाला नाही. कागदोपत्री अजून माझ्याकडेच आहे. मी दर ओळ तिला दाखवतो. ती दर ओळीला नाक मुरडते. कोझानीच्या बाईला फोन करून 'ठेवा' कुठे लिहायचं ते मी समजावलं. तिने मला पंचवीस मिनिटं लग्नगीतं ऐकवली.

यंदा ऑक्टोबरात आमच्या वार्षिक मेळाव्यात तीनशे लोक आले होते. क्लिआंथिस मंचावर होता. मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'ठेवा की पुसा' झळकत होतं. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "लोकांच्या फाइली म्हणजे लोकांचं आयुष्य. म्हणून आमच्या कंपनीने ठरवलं की..."

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "कुणी ठरवलं?"

मग मागून कुणीतरी हसलं. क्लिआंथिसने घसा खाकरला.

"किरिया स्टमाटियांनी," तो म्हणाला. "आमच्याशी भांडून."

"हं," ती जागेवरूनच म्हणाली. "आता पुढचं सांग."