विळी आणि अडकित्ता

माझे थोरले दीर आणि नणंद ही सख्खी भावंडं. दोघांचंही डोकं फिरलं होतं, दोघांनीही घरातल्या माणसावर हत्यार उगारलं होतं. कोर्टाने दोघांना मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं होतं. एकोणीसशे पन्नासनंतर पाठोपाठ दोघं सुटून कुंभकोणम्‌ला आली. अट एकच होती, पुन्हा काही केलं तर परत आणून सोडायचं.

भावजींना ओवाळून आत घेतलं. झोपाळ्यावर जागा, पुढ्यात पानाचं तबक, हातात अडकित्ता. वन्सं आल्या तेव्हा सासूबाईंनी मला विळी लपवायला सांगितली. मी रोज भाजी चिरून विळी तांदळाच्या पिंपामागे सारत असे. त्या कामाची मला आजही किळस येते, आणि ते करणाऱ्या माझीही.

केळफूल सोलायला मात्र वन्संच लागायच्या. एकेका फुलातला चिवट दांडा उपटत त्या तासभर बसत. चिरायची वेळ आली की त्यांना उठवायचं. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "येकदां मला चिरूं देस? पुनः मागणार नाहीं."

सासूबाई गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या भजनाला गेल्या होत्या त्या सकाळी मी विळी काढून दिली. काय बारीक चिरलं त्यांनी! काळं पडू नये म्हणून लगेच ताकात टाकत होत्या. तेवढ्यात ओसरीवर जाऊबाई किंचाळल्या. पानाला चुना जास्त लागला म्हणून भावजींनी अडकित्ता फेकून मारला होता. कपाळ फुटून रक्त वाहत होतं.

सासूबाई त्याच वेळी दारात आल्या. त्यांनी जाऊबाईंच्या जखमेत हळद दाबली, तोंड बंद ठेवायला बजावलं आणि पाणी घ्यायला स्वयंपाकघरात शिरल्या. समोर वन्सं, पुढ्यात विळी.

"त्याचें काय, बापयाचा राग घडीभराचा," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या हातीं विळी कोणें दिली?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मींच काढून घेतली."

विळी मी दिली हे मी सांगितलं नाही. मला माझं सासर राखायचं होतं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने वन्संना मद्रासला नेऊन सोडलं. त्या पुन्हा आल्या नाहीत.

विळी सापडली त्याच दुपारी भावजींनी वन्संनी चिरलेल्या केळफुलाची भाजी दोनदा मागून घेतली. मी वाढली.