लुबनाच्या ओळखीचे हात

निलंग्याबाहेरच्या दिव्यांग बायकांच्या सरकारी निवासगृहात रईसाआपा सव्वीस वर्षं मदतनीस होत्या आणि त्या सव्वीस वर्षांत प्रशिक्षणाच्या एकाही यादीत त्यांचं नाव आलं नव्हतं. यादी निघायची मंजूर पदांची, आणि आपा पडल्या कंत्राटी. म्हणजे अधीक्षकांनी शिकायचं, कारकुनानं शिकायचं, अगदी वॉचमननंसुद्धा प्रमाणपत्र घेऊन फोटो काढायचा, आणि जी बाई रोज बारा जणींना न्हाऊमाखू घालते तिनं तेवढ्या वेळात सगळ्यांचा चहा टाकायचा. घ्या! असला आपला कारभार.

या याद्या काढायची सुकन्या. लातूरच्या कार्यालयात ती प्रशिक्षण अधिकारी होती. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांतल्या अशा संस्थांच्या कर्मचाऱ्यांना शिकवायचं काम तिच्याकडे. पोरगी कामाला चोख, खोटी सही कधी केली नाही, प्रशिक्षणाला उशिरा आलेल्याला दारात उभं करायची. तिच्या हातून जे झालं ते काही आळसानं झालं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

झालं असं की एका संस्थेत अंघोळ घालताना काळजीवाहक बाईच्या हातातली बांगडी फुटली आणि मुलीच्या गालात काच गेली. सुकन्यानं लगोलग नियम केला. कामावर असताना हातात बांगडी नको, अंगठी नको, सगळ्यांनी एकाच औषधी साबणानं हात धुवायचे आणि वर रबरी हातमोजे चढवायचे. जूनमध्ये निलंग्याला दोन दिवस बसून तिनं हे सगळ्यांकडून घोटून घेतलं.

तारामती तिथली जुनी काळजीवाहक. ती उभी राहिली. "म्याडम, नवरा धडधाकट हाय माझा. भुंड्या हातानं कसं वावरू वो?"

"ताराबाई, ड्युटीपुरतंच."

काढल्या बिचारीनं. चौघींनी काढल्या. डोळे पुसत काढल्या, पण काढल्या, कारण नियम सरकारी होता आणि रजिस्टरात सह्या झाल्या होत्या. रईसाआपा तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला बिलोलीला गेलेल्या.

महिन्याभरात निलंग्याहून पत्र आलं, की लुबना आवरेना.

लुबना एकवीस वर्षांची. जन्मापासून तिला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. पाच वर्षांची असताना इथं आली, इथंच वाढली. आपल्या हातानं जेवायची, भिंतीला बोटं लावत अंगणात जायची, ओल्या कपड्यांचे पिळे सोडवून द्यायची. आणि आता तीच पोर कुणी जवळ आलं की चावत होती. तारामतीच्या मनगटात दात रुतवले होते. ताट लोटून द्यायची, तोंड मिटून खाटेखाली जाऊन बसायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं नुसती झोपायची. शेवटी अधीक्षक माणिकप्पांनी तिला दूरच्या मनोरुग्णालयात हलवायचा कागद केला. त्यावर सुकन्याची सही लागत होती: कर्मचारी प्रशिक्षित आहेत, तरीही सुधारणा नाही.

सही झाली की पोर गेली. परत कोण आणतंय?

सुकन्या निलंग्याला पोचली तेव्हा गाडी दारात उभीच होती. तिनं खोलीच्या दारातून पाहिलं. खाटेखाली गुडघे पोटाशी घेतलेली लुबना, गालाची हाडं वर आलेली. तिनं सगळी रजिस्टरं पुन्हा चाळली. हजेरी पूर्ण, चाचणीत सगळ्या पास, हातमोज्यांचा साठा ठीक. बोट ठेवायला जागा नव्हती. तिनं पेन काढलं.

तेवढ्यात फाटकातून रईसाआपा आल्या. काखेत पिशवी, अंगावर एसटीची धूळ. नातवाचा सव्वा महिना उरकून थेट कामावर. तारामतीनं त्यांना गाडी दाखवली आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आपांनी पिशवी ओट्यावर टाकली आणि खोलीकडं निघाल्या.

"थांबा," सुकन्या आडवी झाली. "बांगड्या काढा, हातमोजे घाला. नियम आहे. आणि ती चावते."

आपा थांबल्या. मनगटाकडं पाहिलं. म्हणाल्या, "काढते की म्याडम, माझं काय जातंय? पण मग तिला तुम्ही सांगा, मी कोण हाय ते."

सुकन्या दारातून बाजूला सरकली. आपा आत गेल्या.

त्या खाटेजवळ फरशीवर बसल्या. हाक नाही, हात लावणं नाही. उजवा हात तेवढा जमिनीवर उताणा ठेवला आणि बसून राहिल्या. किती वेळ! दारात माणिकप्पा घड्याळ बघत राहिले, बाहेर ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला, आपांचा हात जागचा हलला नाही.

मग खाटेखालून एक बोट आलं. तळव्याला लागलं, झटक्यात मागं गेलं, पुन्हा आलं. मनगटावर चढलं. काचेच्या चार बांगड्या एकेक करून मोजल्या, त्यांच्यामागचं चांदीचं कडं फिरवून त्यावरचा पोचा शोधला. मग तळवा नाकाशी नेला. आणि काय सांगावं, ती पोर खाटेखालून बाहेर आली आणि तिनं आपांच्या खांद्यावर दणादणा बुक्क्या मारायला सुरुवात केली!

सुकन्या पुढं धावली. आपा रडत हसत होत्या. "मारू द्या वो. मार बाई, मार. लई दिवस लावले मी."

मारून दमली तशी लुबना त्यांच्या मांडीवर आडवी झाली. तारामतीनं दूधभात आणला. तो तिनं खाल्ला. सगळा खाल्ला, वाटी चाटून पुसून. सुकन्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. इतक्या वर्षांत तिनं कितीतरी वर्ग घेतले, पडद्यावर कितीतरी चित्रं दाखवली. असलं काही आपण कधी शिकवू शकू असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तिला माणूस मनगटावरनं कळतं," आपा म्हणाल्या. "तारामती म्हंजी सात हिरव्या आन् एक पाटली. ही दुसरी, शिल्पा, म्हंजी खड्याची अंगठी. तुम्ही समद्यांचं काढून घेतलं, वासबी एक केला. तिच्यासाठी ह्या चौघी एकाच दिवशी मेल्या की. आन् रोज कुणीतरी नवंच येतंय, रबराचे हात घेऊन, आन् तिच्या अंगावरचे कपडे काढतंय. तुम्ही चावला नसता?"

सुकन्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिनं विचारलं, कारण तिला विचारायलाच हवं होतं. "आपा, पण काच लागली तर?"

आपांनी करून दाखवलं. आधी लुबनाला मनगट चाचपू द्यायचं. मग तिच्याच बोटांनी आपली एकेक बांगडी वाटीत उतरवायची आणि ती वाटी तिच्याच हातात ठेवायची. मग अंघोळ. मग तिच्याच हातानं पुन्हा चढवायच्या. सव्वीस वर्षांत एक बांगडी फुटली नव्हती. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि कुणी आपांना कधी विचारलंही नव्हतं.

तारामतीनं पदराची गाठ सोडून आपल्या बांगड्या काढल्या, चढवल्या आणि भीतभीत हात पुढं केला. लुबनानं सात मोजल्या, पाटली चाचपली, आणि ज्या मनगटात दात रुतवले होते त्यावर गाल टेकला. तारामती हमसून रडायला लागली.

सुकन्यानं कागदावरचं छापील वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: "कर्मचाऱ्यांना चुकीचं शिकवलं गेलं. शिकवणारी मी. हलवू नये." खाली सही ठोकली.

माणिकप्पांनी वाचलं. "म्याडम, हे तुमच्या सर्व्हिस बुकात जाईल."

"जाऊ द्या. आणि पुढच्या महिन्यात नांदेडला वर्ग आहे, तो आपा घेतील. पत्र काढा."

"पद मंजूर न्हाई त्यांचं."

"मग मी आजारी पडते आणि त्या माझ्या बदली येतात. काढा पत्र!"

गाडी रिकामी गेली. सुकन्या खोलीत येऊन आपांच्या शेजारी फरशीवर बसली आणि तिनं आपला हात उताणा ठेवला. बऱ्याच वेळानं लुबनाची बोटं आली. मनगट, नखं, मधल्या बोटावरचा पेनाचा घट्टा. घट्ट्यावर ती थबकली, आणि आपल्या अंगठ्यानं तिनं तिथं दोनदा टकटक केलं.

"नाव ठेवलं तुमचं," आपा म्हणाल्या.

"काय ठेवलं?"

"ते तिला ठाव. आपण हाक आली की यायचं."