साहेबाचा ट्राय

आमच्या चाळीच्या नळाला थेंब नसे, तेव्हाही गिरणीच्या गोऱ्या साहेबांचं रग्बीचं मैदान हिरवंगार असे. सामन्याला आम्हा कारकुनांना टाळ्या वाजवायला बसवत. एकदा आमचा साहेब लांबोळा चेंडू छातीशी धरून रेषेपलीकडे आडवा पडला. "ट्राय!" असा ओरडा झाला. इंग्रजीची भारी घमेंड असलेले आमचे हेडक्लार्क म्हणाले, "ट्राय म्हणजे प्रयत्न. जमलं नाही बिचाऱ्याला." त्यांनी च्च् च्च् केलं, म्हणून कोट-टोपीतल्या आम्हा सगळ्या मेंढरांनीही केलं. कुंपणापलीकडचा धनगर मात्र हसायला लागला. "त्येचे सोबती नाचाया लागलेत की! तुमी रडताय कशापायी?" रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवला की रग्बीत त्यालाच 'ट्राय' म्हणतात, हे आम्हाला पुढे कळलं.

धनगराला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून समोरचं दिसत होतं.