भुंगा कुठनं गेला?

घरात पाऊल टाकलं की ते पाणी घेत नसत, बसतही नसत. दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहून एकच टाळी वाजवायचे आणि मान उजवीकडे कलती करून थांबायचे. नव्या माणसाला वाटायचं, हा कुणाला हाक मारतोय की डास मारतोय. मग म्हणायचे, "खोली चांगली बोलती. पर त्या खिडकीला पडदा लावा, शब्द बाहेर सांडत्यात."

कराडात टीव्हीला साउंडबार बसवून द्यायचं काम ते करायचे. नाव सांगत नाही, गावात नावानं कुणी ओळखतही नव्हतं. सगळे भुंगेवाले म्हणायचे, मी भाई म्हणायची. भुंगेवाले का, ते आता सांगतेच.

आमच्याकडे नवा टीव्ही आला तेव्हाची गोष्ट. चित्र असं की कुस्तीगिराच्या अंगावरची माती मोजावी, आणि आवाज असा की पैलवान पत्र्याच्या डब्यात बसून बोलतोय. आमचे हे सारखे म्हणायचे, "काय म्हणाला? काय म्हणाला?" मी म्हणायची, "मला काय विचारता, मी काय त्याच्या घरची?" असं महिनाभर चाललं. शेवटी दोघं जण दुकानात गेलो.

दुकानात खोक्यांची ही रास. विकणारा पोरगा वॅटचे आकडे सांगत होता, हजाराच्या खाली बोलायलाच तयार नाही. शेजारी एक उंच, दाढीला मेंदी लावलेले गृहस्थ वायरी गुंडाळत बसले होते, तेच भाई. ते वर न बघता म्हणाले, "आक्का, खोक्यावरचे वॅट म्हंजी स्थळ बघताना सांगितलेली बागायत. निम्मी धरायची."

मी तिथंच हसायला लागले. आमचे हे हसले नाहीत, कारण आमच्या लग्नात बागायत त्यांनीच सांगितली होती.

पोरगा म्हणाला, "हा दुसरा बार घ्या, मागं डबे लागत नाहीत. आवाज भिंतीवर आपटून मागनं येतो."

"मागं काय हाय तुमच्या?" भाईंनी मला विचारलं.

"ओसरी."

"मग आवाज ओसरीतनं रस्त्यावर जाईल आन कुत्री ऐकत बसतील. जे मागं ठिवलंय तेच मागनं वाजतंय, आक्का. साधा घ्या, पर मागचे दोन डबे खरेखुरे असलेला घ्या."

असा आमचा स्वस्तातला साउंडबार ठरला. पुढं ठेवायची लांब पट्टी, मागं ठेवायला दोन छोटे डबे आणि धडधड काढायला एक मोठं खोकं, त्याला सबवूफर म्हणतात. मी आपली धडधड्याच म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई आले. टाळी झाली. टीव्हीच्या मागं डोकं घालून म्हणाले, "चार भोकं हायत, पर एआरसी एकावरच लिवलंय. तितंच वायर घालायची. दुसऱ्यात घातली की बसा बोंबलत." धडधड्या कुठं ठेवायचा यावर थोडा वाद झाला. भाई म्हणाले, मोकळ्या कोपऱ्यात. मी म्हटलं, तिथं माझी शिवणाची मशीन आहे. म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी, भांड्यांच्या मांडणीला लागून ठेवला. पुढं जे झालं ते माझ्या हट्टामुळं झालं, हे कबूल करते.

भाईंनी बटण दाबलं. टीव्हीत कुठला तरी डोंगर कोसळला आणि माझ्या मांडणीतली सगळी ताटं एकदम वाजायला लागली. वाट्या नाचल्या, पराती थरथरल्या. आता तुम्ही आमच्या भागातले असाल तर पुढचं सांगायला नको. भांडी वाजली की आम्ही विचार करत नाही, कोयनेला हादरा बसला असं धरून रस्त्यावर पळतो. शेजारच्या काकू लाटणं घेऊन बाहेर, समोरचे मास्तर टॉवेलवर बाहेर. आमचे हे दाढी करत होते, ते अर्ध्या गालाला फेस लावून बाहेर. त्यांनाच ठाऊक असायला हवं होतं ना, घरात काय चाललंय ते? पण पळणाऱ्याच्या पायाला कुठं डोकं असतं.

सगळी गल्ली पुढचा हादरा कधी येतो म्हणून उभी. भाई ओसरीत आले, सगळ्यांना हात जोडले. "हादरा न्हवं. आक्काचा साउंडबार हाय."

काकू वर्षभर मला भूकंपाबाई म्हणत होत्या. भाईंनी धडधड्या मशीनपाशी हलवला, त्याचा जोर निम्म्यावर आणला आणि म्हणाले, "आवाज खोली बघून घ्यायचा, धडधड शेजारी बघून." हे वाक्य मी पुढं किती घरांत ऐकलं, त्याची गणती नाही.

मग त्यांनी खिशातनं पेनड्राइव्ह काढला. त्यात एक भुंगा होता. पडद्यावर फूल दिसायचं आणि भुंगा गुणगुणत माणसाच्या डोक्याभोवती फिरायचा, पुढनं डावीकडे, तिथनं मागं आणि मग उजवीकडनं परत फुलावर. भाई मला मधल्या खुर्चीत बसवून, डोळे मिटायला सांगून विचारायचे, "कुठनं गेला?"

गावात याचं मोठं कौतुक होतं. दुसरे येतात, बसवतात, झालं म्हणून निघतात. हा माणूस गिऱ्हाइकाला विचारतो, त्याचं ऐकून घेतो. मलाही तसंच वाटलं.

मी म्हटलं, "डावीकडे गेला भाई, पण मागं डाव्या खांद्यावर यायचा तो एकदम उजव्या खांद्यावर निघाला."

भाईंनी मागचे दोन्ही डबे उचलून खालची बारीक अक्षरं बघितली. डाव्याच्या जागी उजवा लागला होता. अदलाबदल केली आणि घाम पुसत बसले. मी चहा ओतत त्यांच्या डाव्या बाजूनं विचारलं, "साखर किती?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. बशी ठेवायला मी त्यांच्या उजवीकडे गेले आणि सहज पुटपुटले, "घालते मनानं," तर भाई लगेच म्हणाले, "दोन चमचे घाला आक्का."

मी किटली खाली ठेवली. "भाई, डावा कान?"

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. "कुणाला बोलू नगा. उमर कर्ण्याच्या शेजारी गेली. लग्नं, उरूस, जत्रा. माजी उभं ऱ्हायची जागा ठरल्याली, कर्णा डाव्या अंगाला." मग हसले. "माजा भुंगा अर्ध्यावर मरतो आक्का. कवा फेरी पुरी करत न्हाई. दुकानदाराला कळलं तर उद्या काम बंद. चारी अंगाचा सराउंड बसवनारा आन ऐकतो एकाच अंगानं."

तेव्हा कळलं, ते गिऱ्हाइकाला विचारायचे, कारण त्यांना विचारावंच लागायचं. आणि बघा, त्याच्यामुळंच त्यांच्याएवढं नीट काम कराडात कुणाचं नव्हतं.

मी म्हटलं, "मला सकाळचं काम नसतं. मी येत जाईन."

अशी मी भाईंचा डावा कान झाले. त्यांच्या स्कूटरवर मागं मी, पुढं ते आणि दोघांच्या मधे सबवूफर. आमचे हे म्हणाले, "लोक पेन्शनीत जातात, तू नोकरीला लागलीस." घरोघरी भाई ओळख करून द्यायचे, "ह्या टेस्टिंगच्या म्याडम." मी डोळे मिटून बसायची आणि भुंगा जाईल तिकडे बोट फिरवायची. एकदा मऊ सोफा लागला आणि तिथंच माझा डोळा लागला. भाई विचारतात, "कुठनं गेला?" मी झोपेत म्हणाले, "सव्वानऊच्या एसटीनं." घरातली माणसं अजून मला विचारतात, भुंगा पोचला का म्हणून.

पण एक दिवस दुकानदारानं भाईंना समोर उभं केलं. वडूजकडच्या एका गावातल्या सुभेदारांचा फोन आला होता, पलटणीतनं निवृत्त झालेले. मागचा उजवा डबा मुका आहे, माल परत न्या म्हणाले. दुकानदार म्हणाला, "गेल्या महिन्यात एक परत आला. हा पण आला तर इथनं पुढं फिटिंगला दुसरा माणूस बघतो." ते बसवताना मी नेमकी तापानं पडले होते. भाई एकटेच गेले होते. आता दोघं एसटीनं तिकडे निघालो, भाई सगळी वाट पेनड्राइव्ह बोटांत फिरवत होते, आणि मला वाटत होतं की हे माझ्यामुळंच झालं.

सुभेदार दारातच उभे. मिशा कडक, बोलणं त्याहून कडक. टाळी झाली. मी डोळे मिटले. भुंगा डावीकडनं मागं गेला, उजवीकडनं आला, गोल पुरा झाला. सगळं ठीक. भाईंच्या चांगल्या कानाला उजवा डबा स्वच्छ ऐकू येत होता.

"न्हाई," सुभेदार म्हणाले. "त्यो डबा मेल्याला हाय."

आतनं त्यांची बायको म्हणाली, "आवं, मला चुलीपाशी ऐकू येतंय की."

"तू गप."

आवाज वाढवला. डबा पुढं घेतला, वर ठेवला. सुभेदार मान हलवत होते आणि दर वेळी डावा गाल पुढं करत होते. मी बोलायला तोंड उघडलं तर भाईंनी बोट ओठावर ठेवलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात ना. भाई उठले, सुभेदारांच्या डाव्या हाताला जाऊन बसले. आता सुभेदारांचा चांगला कान भाईंच्या चांगल्या कानाला लागून होता.

"सुभेदार," भाई म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. म्हनून ह्या आक्काला संगं आनतो. दुकानात कुणाला ठाव न्हाई. तुमी फोन केला तर माजं काम जाईल."

 इतकी वर्षं झाकलेलं, ते या माणसानं तक्रार करणाऱ्याच्याच हातात दिलं.

सुभेदारांनी रिमोट उचलून भुंगा थांबवला. मग हळूच म्हणाले, "कशानं गेला?"

"कर्ण्यानं. तुमचा?"

"तोफंनं. माजी तोफ उजव्या अंगाला हुती."

बायको उलथनं हातात घेऊनच बाहेर आली. "म्हंजी मी उजवीकडनं बोलत हुते ते..."

"ऐकू येत नव्हतं."

"आन मी इतकी वर्सं समजते, तुमी मुद्दाम करताय."

"थोडं मुद्दाम बी हुतं," सुभेदार म्हणाले.

ती हसली की रडली मला नीट सांगता यायचं नाही, पदर तोंडावर होता. भाईंनी सुभेदारांची खुर्ची उजव्या भिंतीला सरकवली, म्हणजे सगळी खोली त्यांच्या डाव्या अंगाला आली, आणि उजवा डबा थेट त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला. भुंगा सोडला. सुभेदार म्हणाले, "आला." पुन्हा सोडायला लावला. चार वेळा सोडला. मग आमच्यासमोरच दुकानात फोन लावला, "डबा बरा झाला. मानूस चांगला हाय, त्यालाच धाडत जावा." निघताना मटकीची पिशवी दिली, ती एसटीत भाईंनी मांडीवर धरली होती आणि सारखे हसत होते. मी डावीकडे बसले होते. मी काय बोलले ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि मीही परत सांगितलं नाही.

त्यानंतर आम्ही कराडातली किती घरं केली, देव जाणे. मग भाईंचे गुडघे दुखायला लागले, ते सांगलीला लेकीकडे गेले, आणि गेल्या उन्हाळ्यात तिथंच वारले. लेक मुद्दाम घरी येऊन पेनड्राइव्ह देऊन गेली. "अब्बा म्हणाले होते, हे डाव्या कानाला द्या."

तो मी अजून टीव्हीला लावलेला नाही. देव्हाऱ्यात ठेवलाय, मला दुसरी जागा सुचली नाही.

परवा दुपारी ओसरीत लसूण सोलत बसले होते, तर खरोखरचा भुंगा आला. डाव्या कानाजवळनं गेला, पाठीमागं घोंगावला, उजव्या खांद्यावरनं निघून कढीपत्त्यावर बसला. माझं बोट आपोआप त्याच्याबरोबर फिरत होतं. "डावीकडनं आला भाई, मागनं गेला," मी मोठ्यानं म्हणाले, "फेरी पुरी केली."